नमुना क्रमांक चार

३ जानेवारी, सकाळी ६.४०

इन्स्पेक्टरला जाऊन आज अकरा दिवस झाले. सवयीने साडेपाचला उठलो, पट्टा हातात घेतला, जिना उतरलो, गेटपर्यंत गेलो. तिथे लक्षात आलं. मग तसाच फिरून आलो, पट्टा हातात घेऊन. वॉचमनने पट्ट्याच्या मोकळ्या टोकाकडे पाहिलं आणि सलाम केला. काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

ही डायरी मला पाणीखात्यातून निवृत्त होताना मिळाली होती. दोन वर्षं कोरी पडून होती. वार जुळत नाहीत, म्हणून तारखा हाताने घालतोय. बोलण्याची मला सवय नाही आणि रडणंही येत नाही, तेव्हा लिहिलेलं बरं.

तीन गोष्टी ठरवल्या. जो कोणी जबाबदार आहे त्याला शोधायचं. त्याला सोडायचं नाही. आणि अडगळीच्या खोलीच्या झरोक्याची काच बसवायची. ती फुटून तीन वर्षं झाली. उद्या रविवार आहे, उद्याच बसवतो.

४ जानेवारी

काच राहिली. मोजायची टेप सापडली नाही.

त्याऐवजी डॉक्टरांची फाईल पुन्हा वाचली. बुरशी. पावावर येते, ओल्या भिंतीवर येते, तिच्याच भाऊबंदांपैकी एक. कबुतरांच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत वाढते म्हणे. तिची धूळ होते, कुत्रा हुंगतो, ती नाकात बसते. नाकाच्या मागे मेंदूच्या बाजूला चाळणीसारखं पातळ हाड असतं. तिथून ती पलीकडे जाते.

आधी एका नाकपुडीतून पाणी आलं. मग रक्त. मग नाकाच्या दांडीवर फुगवटा. शेवटच्या आठवड्यात तो नुसता गोल फिरायचा, डावीकडे, सारखा डावीकडेच. फिरता फिरता सोफ्याला धडकला की सोफ्याकडे बघून शेपटी हलवायचा. माफी मागितल्यासारखी.

सुरुवातीला मी सर्दी म्हणालो होतो. तीन आठवडे वाफ दिली. बायको रोज म्हणायची की डॉक्टरांना दाखवू या. पण सुरुवातीला ती सर्दीच होती असं माझं आजही मत आहे.

डॉक्टर मुलगी वयाने लहान, पण प्रश्न व्यवस्थित विचारत होती. घरात किंवा आसपास कबुतरांची घाण साचलेली जागा आहे का? मी सांगितलं, घरात प्रश्नच नाही, पाणीखात्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो मी. त्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं होतं. का पाहिलं, कळलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

सापडलं. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. वरच्या बाई!

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, गच्चीला लागून राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. एकट्याच असतात. रोज सकाळी सातला वाटीभर दाणे घेऊन गच्चीवर येतात आणि वाटी चमच्याने वाजवतात. पूर्ण बिल्डिंगची कबुतरं शाळेची घंटा झाल्यासारखी हजर. मी हे सहा वर्षं बघतोय आणि गंमत म्हणून बघतोय. धिक्कार असो माझा.

इन्स्पेक्टरला त्या आवडायच्या. त्यांची पिशवी तो लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ हुंगायचा. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची पिशवी हुंगायचा म्हणून तर त्याला हे नाव पडलं. मी एकतीस वर्षं खराखुरा इन्स्पेक्टर होतो, मला कधी कोणी त्या नावाने हाक मारली नाही. त्याला आठ दिवसांत मारायला लागले. माझी तक्रार नाही. त्याचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पण बाईंना सोडणार नाही.

६ जानेवारी

पहिलं पाऊल उचललं. लिफ्टमध्ये बाई भेटल्या. मी हसलो नाही. एरवी मी थोडासा हसतो. पाच मजले सरळ दाराकडे बघत राहिलो. उतरताना त्या म्हणाल्या, आज बरे दिसताय, चेहऱ्यावर जरा तेज आलंय.

परिणाम हळूहळू होईल.

८ जानेवारी

बाई शिडी मागायला आल्या, त्यांचा बल्ब गेला होता. शिडी मोडलीय, असं मी सांगितलं. अगदी कोरडेपणाने. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तोंडावर नाही म्हटलं असेन. तासभर बरं वाटलं.

दुपारी त्यांनी सुतार पाठवला. मोडलेली शिडी नीट करून द्या, यांना सध्या सुचत नसेल, असं त्याला सांगून. मी काही बोलायच्या आत हिने शिडी बाहेर काढून दिली. खरोखरच दोन पायऱ्या हलत होत्या, त्याने त्या पक्क्या केल्या, खाली रबराचे बूट बसवले. शिडी आता पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे. याचा मला अतिशय राग आला आहे.

११ जानेवारी, रविवार

काच राहिली. टेप सापडली, पण अडगळीच्या खोलीतला बल्ब गेलाय. अंधारात माप चुकतं. आधी बल्ब, मग काच. पुढच्या रविवारी दोन्ही.

ही म्हणते, त्या खोलीतून घुमण्याचा आवाज येतो. मी समजावून सांगितलं की आवाज वरून येतो, डक्टमधून खाली उतरतो, नळीतून बोलल्यासारखा. म्हणजे बाईंची कबुतरं आता आमच्या घरात आवाजही टाकतात. मुद्दा टिपून ठेवला. ही म्हणाली, एकदा दार उघडून बघा तरी. तो गेल्यापासून ते दार बंद आहे. त्याची टोपली तिथे आहे. दुपारी गार लागतं म्हणून तो तिथेच झोपायचा.

बघेन. घाई काय आहे.

१३ जानेवारी

निनावी पत्र लिहिलं. शब्द मोजून वापरले. ‘आपण ज्यास भूतदया समजता तो एका निष्पाप जीवाचा बळी आहे.’ इतकं कडक मी खात्यातही कधी लिहिलं नव्हतं. सकाळी सव्वाअकराला, बाई बँकेत गेल्या असताना, त्यांच्या दाराखालून सरकवलं.

त्याच दिवशी, दुपारी ४

बाई येऊन गेल्या. हातात पत्र. म्हणाल्या, हे तुमचं चुकून माझ्याकडे आलंय, आणि खाली सही राहिलीय.

पाहिलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती. डावीकडे जावक क्रमांक एक. खाली ‘प्रत माहितीसाठी: फाईल’. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

बाई म्हणाल्या, मजकूर वाचला, माफ करा, उघडंच होतं. तुम्हाला असं वाटत असेल तर तपासून घ्या. मी नाही म्हणणार नाही.

सराईत गुन्हेगारच असं बोलतो. आव्हान स्वीकारलं.

१७ जानेवारी

आता मला माझा रस्ता सापडला. इतके दिवस उगाच भावनेच्या भरात होतो. पत्रं, शिडी, लिफ्ट हे आपलं काम नव्हे. आपलं काम नमुने घेणं.

खात्याच्या लॅबमध्ये मी जिला बाटली कशी धरायची ते शिकवलं ती मुलगी आता तिथली हेड आहे. फोन केला. ती म्हणाली, सर, कशाला? ती बुरशी कबुतरं आहेत तिथे कुठेही सापडू शकते, त्यातून सिद्ध काय होणार? मी म्हटलं, सिद्ध काय होतं ते मी बघतो, तू फक्त सापडते का ते बघ. शेवटी हो म्हणाली.

पद्धत नेहमीचीच. पाकिटांवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर, म्हणजे लॅबला कळत नाही कोणता नमुना कुठला. नंबरांची यादी एकट्या इन्स्पेक्टरच्या खिशात. अहवाल सीलबंद येणार आणि दोन्ही पक्षांसमोर उघडायचा. आधी बघायचा नाही, इन्स्पेक्टरनेसुद्धा नाही. या पद्धतीने मी अख्ख्या नोकरीत एकदाही तोंडघशी पडलो नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला. ८ फेब्रुवारीच्या सभेत अहवाल उघडावा आणि गच्चीवर दाणे टाकण्यास कायमची बंदी घालावी. वर एक ओळ घातली की वाटीही जप्त करावी. मग ती खोडली. मग परत लिहिली.

१९ जानेवारी

नमुने घेतले.

नियमाप्रमाणे नमुना जागेच्या मालकासमोर घ्यावा लागतो, त्यामुळे बाईंनाच बोलवावं लागलं. मी मास्क, हातमोजे घालून गेलो. एक नंबर, गच्चीचा कोपरा. दोन नंबर, त्यांचा कठडा, वाटी ठेवतात त्याखालचा. पाकीट वाऱ्याने मिटत होतं, तर बाईंनीच ते उघडं धरलं. गच्ची ओली होती. रोज दाणे टाकून झाले की त्या पाणी मारून घासून काढतात म्हणे, गेली सहा वर्षं. पुरावा नष्ट करण्याची ही किती पद्धतशीर रीत. पण कोपऱ्यात मिळाला थोडासा.

पाकीट धरून उभ्या असताना त्यांनी विचारलं, “त्याला दुखत होतं का हो शेवटी?”

मी म्हटलं, नमुना घेताना बोलू नये.

तीन नंबर, खालच्या बागेतलं बाक.

चार नंबर तुलनेचा. जिथे संशयिताचा हात पोचत नाही अशा स्वच्छ जागेतून एक नमुना घ्यावाच लागतो, नाहीतर बाकीच्यांना अर्थ नाही. आमची अडगळीची खोली निवडली. तो सगळ्यात जास्त तिथेच असायचा, आणि तिथे त्याच्याशिवाय कोणी जात नव्हतं.

दार फक्त हात जाईल इतकं उघडलं. बल्ब नाहीच. टॉर्चच्या उजेडात टोपलीच्या मागची फरशी खरवडली. पांढरट राखाडी पापुद्रा आला. भिंतीचा चुना पडतोय, तेही एकदा बघायला हवं. दोन पिसं होती, डक्टमधून वाऱ्याने आलेली. बाईंविरुद्ध आणखी एक मुद्दा. टोपलीकडे पाहिलं नाही. लगेच दार लावून घेतलं.

२५ जानेवारी, रविवार

काच राहिली. मी भाषण लिहीत होतो.

२९ जानेवारी

लॅबमधून फोन. ही बुरशी ओळखायला ती वाढवायची प्लेट बियांच्या अर्काची करतात. पक्ष्यांना घालतात त्याच बिया. त्यावर ती तपकिरी होते, बाकीच्या होत नाहीत. म्हणजे तिलाही दाणेच घालायचे. मुलगी म्हणाली, सर, एका प्लेटवर छान आलीय. मी लगेच अडवलं. नंबर सांगू नकोस म्हटलं.

पण आलीय! एका प्लेटवर आलीय. एक नंबर की दोन नंबर एवढाच प्रश्न.

त्या आनंदात सकाळचा चहा दोनदा घेतला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच भूक लागली. हिने जेवताना पोळी वाढली आणि विचारलं, आणि बाईंची वाटी काढून घेतली म्हणजे तो परत येणार का? बायकांना तपासाची शिस्त समजत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

काच राहिली. मात्र बल्ब आणला. खोकं टेबलावर ठेवलं आहे.

भाषण पाठ झालं. साडेचार मिनिटं. शेवटचं वाक्य असं आहे: ‘एका मुक्या प्राण्याचं नाक हीच त्याची जीभ होती.’ हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, नाक जीभ कशी असेल. बदलतो.

७ फेब्रुवारी

अहवाल आला. जाड पाकीट, लाखेचं सील. टेबलावर बल्बच्या शेजारी ठेवलं. कितीतरी वेळ बघत बसलो.

दुपारी ही शेजारी येऊन बसली. सहसा बसत नाही. म्हणाली, “अहो, त्या यादीतून चार नंबर काढून टाका. अजून वेळ आहे.”

मी म्हटलं, तुलनेचा नमुना काढून टाकला तर तपासाला अर्थ राहत नाही.

ती म्हणाली, “अर्थ नसलेला बरा.”

का म्हणाली, कळलं नाही. उद्याचं तिला दडपण आलं असावं.

८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

सभा झाली. डोकं दुखतंय. उद्या लिहीन.

९ फेब्रुवारी, सकाळी ८

झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण अहवाल अर्धवट ठेवू नये.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये चौदा माणसं. बाई पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. मी भाषण केलं. आवाज लागला नाही, पण शब्द बरोबर होते. मग सेक्रेटरींनी सगळ्यांना सील दाखवून पाकीट फोडलं आणि वाचलं. नमुना एक, नाही. नमुना दोन, नाही. नमुना तीन, नाही. नमुना चार, आहे, भरपूर प्रमाणात.

‘भरपूर’ हा शब्द लॅबने लिहायला नको होता. आमच्या वेळी आकडा लिहायचे.

सेक्रेटरी म्हणाले, चार कुठला? सगळे माझ्याकडे बघायला लागले. यादी माझ्या वरच्या खिशात होती. एकट्या माझ्या. बागेचं बाक म्हटलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? गच्ची म्हटलं असतं तरीही. पाणीखात्यात एकतीस वर्षं लोकांनी मला हाच सल्ला दिला होता, नंबर तुमच्याच खिशात आहे ना साहेब.

यादी काढली. म्हणालो, चष्मा घरी राहिला.

बाईंनी पर्स उघडली आणि स्वतःचा चष्मा पुढे केला. “माझा लावून बघा. आपला नंबर साधारण सारखाच असेल.”

लावला. अगदी स्वच्छ दिसत होतं.

मी स्पष्ट आवाजात जाहीर केलं की नमुना चार आमच्या अडगळीच्या खोलीतला आहे. ही म्हणते, मागे कोणालाच ऐकू गेलं नाही, सेक्रेटरींना तीनदा विचारावं लागलं आणि शेवटी तिनेच उठून सांगितलं. ती असंही म्हणते की डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हाच तिला झरोका आठवला होता. मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तेव्हा तुमचा हात त्याच्या डोक्यावर होता.

अर्ज सेक्रेटरींनी निकालात काढला. वाटी जप्त झाली नाही.

१० फेब्रुवारी

डॉक्टर मुलीला फोन केला. अहवाल वाचून दाखवला. ती म्हणाली, काका, हजारो कुत्रे ते हुंगतात, त्यातल्या एखाद्यालाच होतं, का होतं ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. यात कोणाची चूक नसते.

कोणाची नाही म्हणजे काय? अहवालात तो रकाना असतो. तो मोकळा ठेवून चालत नाही.

तीन आठवडे आधी आणला असता तर, असंही विचारलं. ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही.

सर्दी नव्हती ती. लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

लिफ्टमध्ये बाई. मला जिन्याने जायचं होतं, पण दार उघडलं तेव्हा त्या आतच होत्या. माफी मागायचं ठरवलं होतं, वाक्यही तयार होतं. चार मजले गेले तरी पहिला शब्द आला नाही. पाचव्याला त्याच म्हणाल्या, “काच बसवायची असेल तर शिडी आता पक्की आहे.”

टोमणा होता की नव्हता, अजून ठरत नाही.

१४ फेब्रुवारी

ठरलं. आता कोणाला सोडायचं नाही हे स्पष्ट आहे. कबुतरं. सगळं मूळ तिथेच. माणसांवर उगाच वेळ घालवला. काच कापून आणली, माप बरोबर आहे. उद्या सकाळी खोली उघडायची, जे असेल ते काठीने हुसकायचं, फरशी ओली करून सगळं खरवडून काढायचं, टोपली फेकायची, झरोका कायमचा बंद. दयामाया नाही. हिला सांगितलं, उद्या तू त्या बाजूला फिरकू नकोस, बघवणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७.३०

मास्क, हातमोजे, काठी, बादली, काच. निघालो.

सकाळी ७.५५

बल्ब लावला. फरशीवर, फळीवर, जुन्या सुटकेसवर सगळीकडे थर. बोटभर जाड. चुना नव्हे. तीन वर्षांचा. तो रोज दुपारी यातच नाक खुपसून झोपत होता आणि मी बाहेर वर्तमानपत्र वाचत होतो.

त्याच्या टोपलीत कबुतर बसलं होतं. काठी उचलली. ते हललं नाही. मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिलं, डावीकडे, तो शेवटी बघायचा तसं.

काठीच्या टोकाने जरा सरकवलं. खाली दोन अंडी. घरटं कसलं, चार काड्या, एक वायरचा तुकडा, आणि बाकी सगळे त्याचे केस. तपकिरी. मानेवरचे असावेत, मानेवरचे जास्त गळायचे. गोल, व्यवस्थित रचून ठेवलेले.

ही दारात येऊन उभी होती. मी बादली खाली ठेवली. डोळ्यांत काहीतरी गेलं, मास्क लावूनसुद्धा. धुळीचा प्रश्न आहे.

सकाळी ११.२०

फरशी, फळी, सुटकेस ओल्या फडक्याने साफ केली. टोपलीच्या भोवती हातभर जागा सोडली. काच भिंतीला टेकवून ठेवली आहे. आत्ता बसवली तर ते आत कोंडलं जाईल किंवा बाहेर राहील, दोन्ही तांत्रिकदृष्ट्या चूक.

माहिती काढायला वर गेलो. दार उघडल्यावर आधी माफीचं वाक्य म्हटलं, निम्मं. उरलेलं त्यांनी ऐकलं नाही, आतून पाट घेऊन आल्या आणि बसा म्हणाल्या. अंडी अठरा दिवस, मग पिल्लं उडायला महिना. गणित त्यांनीच तोंडी केलं. म्हणजे ५ एप्रिल. रविवारच येतो. त्या रविवारी काच नक्की.

तोपर्यंत झरोक्याबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला त्यांनी वाटीभर दाणे दिले आहेत. वाटी परत करायची आहे.